दोन बरण्यांतलं मीठ

माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या दोन बरण्या असतात. एक चिनीमातीची, पिवळट, झाकणाला चरा गेलेली. तिच्यात बाबांच्या आगरातलं शेवटचं मीठ असतं. एकोणनव्वद साली उधाणाने आमच्या मिठागराचा बांध नेला आणि तो पुन्हा कुणी घातला नाही. त्या हंगामाच्या दोन गोणी माळ्यावर होत्या, त्यांतली आता अर्धी उरली आहे. दुसरी बरणी काचेची. तिच्यात शेजारच्या कोंडाजीच्या आगरातलं नवं मीठ. तो दर उन्हाळ्यात पाटीभर आणून ओतून जातो.

नव्या-जुन्या मिठातला फरक आमच्यासारख्यांच्या घरात पोरांना बोलता येण्याआधी कळतो. खाडीचं पाणी वाफ्यात आटत जातं, मीठ धरतं, आणि सगळ्यात शेवटी उरतं ते कडू पाणी. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, हे मी पुढे शाळेत मुलींना शिकवलं. बाबांना नाव ठाऊक नव्हतं, पण गुण ठाऊक होता. हंगाम सरताना घाईने ओढलेल्या मिठाला हे कडू पाणी चिकटून येतं. असं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बरणीत पाझरत बसतं. तेच मीठ काही पावसाळे ठेवलं की कडू पाणी निथळून जातं आणि मागे कोरडं, स्वच्छ मीठ राहतं. लोणच्याला आम्ही तेच घालतो.

आमच्या घरात एक रीत होती. कुणी लांबच्या वाटेला निघालं की घरच्या बाईने आपल्या मुठीने मीठ काढून फडक्यात बांधून द्यायचं, आणि जाणाऱ्याने पोचल्यावर पहिल्या जेवणात त्यातली चिमूट घालायची. आधी आई द्यायची, तिच्यानंतर मी.

माझं नाव ठमी. वयाला पंचाहत्तर झाली. अलिबागला मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर धरमतरच्या खाडीकाठी आमच्या गावी परतले. भावाचा मुलगा सुजित शेजारच्या बंगल्यात राहतो, त्याचे ट्रक चालतात. नेत्रा ही त्याची थोरली. मला ती आत्याआजी म्हणते.

नेत्रा बारा वर्षांची असल्यापासून संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायची. तिच्यासोबत दोन वर्षांनी लहान प्रांजली यायची. बौद्धवाडीतल्या अजित गुरुजींची मुलगी. एकाच टेबलावर दोघींना मी शिकवलं. नेत्राचं बोलणं चटकदार, प्रांजलीचे हात पक्के. काचेची नळी ज्योतीवर वाकवायला दिली तर नेत्रा तीन फोडायची आणि हसायची. प्रांजली एकच घ्यायची आणि नीट वाकवून द्यायची. माझं प्रांजलीवर खरोखर लक्ष होतं, असं मी सांगत असते. तिच्यासाठी पाण्याचा एक वेगळा स्टीलचा पेला होता. कुणी तसं ठरवलं नव्हतं. धुऊन तो बाजूला पालथा घालणारी मीच होते.

नेत्रा मुंबईच्या एका संस्थेत संशोधनाला लागली. दोन वर्षांनी प्रांजलीही त्याच प्रयोगशाळेत गेली. गावाला केवढं कौतुक! एका गावच्या दोन मुली, एका सरांच्या हाताखाली.

पुढे नेत्राला जर्मनीत प्रयोग करायला पाच दिवस मिळाले. तिथे मैलभर घेराचं एक यंत्र आहे, त्यातून फार तीव्र क्ष-किरण निघतात. त्या पाच दिवसांसाठी ती दोन वर्षं रांगेत होती. निघायच्या आदल्या दिवशी ती गावी आली, आणि प्रयोगाचं सामान पोचवायला प्रांजलीही आली. दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसल्या.

"काय करणार ते तरी सांग मला," मी म्हटलं. "का म्हाताऱ्या बाईला कळणार नाही?"

"कळेल की. दुधावर साय धरते ना, तसं समज," नेत्रा म्हणाली. "आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा एक पापुद्रा असतो. दोन रेणूंएवढा जाड. आम्ही तसे हजार पापुद्रे एका चकतीवर एकावर एक रचतो. दोन पापुद्र्यांच्या मधे पाण्याचा पातळ थर."

"मग?"

"मग त्यांना चटका देतो. लेसरचा एक झोत, डोळ्याच्या पापणीलाही कळणार नाही इतका वेळ. पापुद्रे दचकतात. मधलं थोडं पाणी निसटतं, ते एकमेकांजवळ सरकतात. मग हळूहळू हवेतलं पाणी परत आत येतं आणि ते जागेवर जातात. हे सगळं चालू असताना क्ष-किरण सोडायचे. ते पापुद्र्यांवरून परत उसळतात आणि दोघांमधलं अंतर सांगतात. चटका बसल्यावर जागेवर यायला किती वेळ लागतो, ते मोजायचं."

मी शिक्षिका होते, मला प्रश्न सुचतातच. "हवा कोरडी असली तर पाणी परत येईल कुठून?"

"बघ, आत्याआजी पकडते!" नेत्राने टाळी वाजवली. "म्हणून चकती बंद पेटीत असते. पेटीत एक छोटी वाटी, तिच्यात मिठाचं पाणी. विरघळेनासं होईपर्यंत मीठ घालायचं. अशा पाण्यावरच्या हवेत दमटपणा पंचाहत्तर टक्केच राहतो. मुंबई असो की जर्मनी. पुस्तकात तक्ताच आहे."

"शुद्ध मिठाचा तक्ता आहे तो," प्रांजली म्हणाली. ती खाली बसून पेटीत सामान लावत होती.

"हो गं माझी आई, शुद्ध. म्हणून तर ह्या बाईसाहेबांनी बाटली सील करून आणलीय." नेत्रा माझ्याकडे वळली. "ही ना, आत्याआजी, पावशेर मिठाला पण पासपोर्ट मागेल."

प्रांजली हसली. तिने बाटली दाखवली. हाताच्या पंजाएवढी, बुचावर लाख, चिठ्ठीवर तिच्या बारीक अक्षरात तारीख आणि सही. यादीत खूण करून तिने ती नेत्राच्या बॅगेत एका कोपऱ्यात बसवली.

प्रांजली निघताना पायरीवर चपला घालत होती, तेव्हा मी रीतीप्रमाणे नेत्राला मीठ बांधत होते. तिने ते पाहिलं. कुठल्या बरणीतलं, ते तिला दिसलं नाही. मी काचेच्या बरणीतलं घेतलं. जुनं थोडंच उरलं होतं, ते मला लोणच्याला हवं होतं. परदेशात जाऊन चिमूटभर आमटीत घालायला नवं काय वाईट, असं मला वाटलं.

संध्याकाळी नेत्राच्या आईने माझ्याच ओट्यापाशी बॅगेत सोडे आणि सुकटीच्या पुड्या कोंबल्या. जागा होईना म्हणून काही वस्तू बाहेर काढल्या आणि परत भरल्या. दुसऱ्या दिवशी नेत्रा मांडव्याच्या बोटीने गेल्यावर मी ओटा पुसायला घेतला, तर पाटीखाली ती बाटली. सील तसंच. मी ती कपाटात ठेवून दिली.

चार दिवसांनी नेत्राचा फोन. आवाजात नुसता आनंद.

"आत्याआजी, तू वाचवलंस! बाटली सापडतच नव्हती. इथे रविवार, सगळं बंद. दमटपणा मोजायचं यंत्र पण प्रवासात बिघडलेलं. हातात पाच दिवस, त्यातला एक गेलेला. शेवटी तुझं मीठ घातलं वाटीत. मीठ ते मीठ. आणि काय दिसलंय माहितेय? पापुद्रे परत जागेवर येतच नाहीयेत! चटका बसला की जवळ सरकतात, आणि तसेच राहतात. असं कुणालाच कधी दिसलेलं नाही!"

माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं. नवं मीठ. कडू पाणी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पेटीतली हवा कोरडी पडली असणार. पापुद्र्यांत परत जायला पाणी उरलंच नसणार. हे मी सातवीच्या मुलीलाही समजावून सांगू शकले असते.

मी म्हटलं, "छान झालं गं."

का बोलले नाही, याला मी पुष्कळ कारणं शोधली. ती मला विचारत नव्हती, सांगत होती. आणि एक कारण खरं आहे ते लिहिते. पोर इतकी शिकली आणि आपल्या आगरातल्या पोरीला ठाऊक असावी ती गोष्ट विसरली, याचा मला जरा आनंदच झाला.

वर्षभरात नेत्राचा लेख छापून आला. पापुद्रे चटका लक्षात ठेवतात, असं तिचं म्हणणं. सुजितने नाक्यावर तिच्या फोटोचा बोर्ड लावला. शाळेत सत्कार झाला, त्यात मला व्यासपीठावर बसवलं आणि शाल दिली. प्रांजली प्रेक्षकांत होती. तिने खूप टाळ्या वाजवल्या.

मग दुसऱ्या देशातल्या कुणी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांचे पापुद्रे शहाण्यासारखे जागेवर परत आले. एकदा नव्हे, दहादा. त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. नेत्राच्या सरांनी पेटी मागवली. वाटीत वाळलेला क्षार होता, तो तपासला, तर त्यात मॅग्नेशियम सापडलं. मीठ अशुद्ध. प्रश्न एकच उरला, हे मीठ आलं कुठून? सरांनी तीन जणांची समिती नेमली.

त्याच रविवारी नेत्रा आणि सुजित माझ्याकडे आले. सुजित खुर्चीत बसला, नेत्रा उभीच राहिली.

"मी सांगितलंय की प्रांजलीने दिलेली बाटली वापरली," ती म्हणाली. "भरताना तिनेच काहीतरी घोळ केला असणार."

"बाटली इथंय," मी म्हटलं आणि कपाट उघडलं.

तिने सील पाहिलं. तिचा चेहरा जरा उतरला, मग घट्ट झाला. "ती टाकून दे."

"आणि प्रांजली?"

"तिला काढतील. काढलं तर काढलं. दुसरीकडे लागेल. त्यांना मिळतं, आत्याआजी. त्यांना सगळं मिळतं. मला एकदा नाव गेलं तर परत काय मिळणार आहे?"

"आत्ये," सुजित म्हणाला, "तुला कुणी काय इचारलं तर तुला काय म्हाईत न्हाय. तू कुठं गेलीवतीस जर्मनीला?" आणि स्वतःच हसला. "घरातली पोर हाय आपली. नाक्यावर बोर्ड लागलाय तिचा. तो काय उतरवायचा?"

नेत्रा बारा वर्षांची असताना रडली की खालचा ओठ दाताखाली धरायची. तशीच उभी होती. मी कपाट बंद केलं. बाटली टाकली नाही, पण कपाट बंद केलं. तेवढं त्यांना पुरलं. नेत्राने जाताना माझ्या पाया पडून मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचंही मला बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी प्रांजली आली. समितीची बैठक सोमवारी होती. ती वाळली होती. उन्हातून चालत आलेली, कपाळावर केस चिकटलेले. मी पाणी दिलं. हात आपोआप त्या पालथ्या पेल्याकडे गेला, आणि तिने तो जाताना पाहिला. पाणी मात्र सगळं प्याली.

"आजी, मला काढणार आहेत," ती म्हणाली. "नुसतं काढणार नाहीत. मी हलगर्जी आहे, माझ्या हातच्या सामानावर भरवसा ठेवू नये, असं पत्रात लिहिणार. तसं पत्र घेऊन मला कुठलीच प्रयोगशाळा उभी करणार नाही. पाच वर्षं गेली माझी."

"नेत्रा काय म्हणते?"

"ताईचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "आजी, ती निघाली त्या दिवशी तुम्ही तिला मीठ बांधून दिलंत. मी पाहिलं. तेवढंच सरांना फोनवर सांगा."

"मीठ दिलं म्हणून तिने ते पेटीत घातलं, असं कसं म्हणू मी? मी काय तिथे होते?"

"बरं. नका सांगू." तिने पेला खाली ठेवला. "आमच्या आजीलाही तुम्हीच मीठ बांधून दिलं होतं ना?"

हे मला अपेक्षित नव्हतं.

तिची आजी पुतळाबाई. माझ्या लहानपणी ती बाबांच्या आगरात मिठाच्या पाट्या वाहायची. मी नऊ वर्षांची असेन. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वाडीने धर्म बदलला होता आणि गावकीची कामं करायला नकार दिला होता. बाबा ते विसरले नव्हते. बाबा, म्हणजे दयाराम आगरवाला, रागावले की आवाज चढवत नसत, हळू बोलत असत. पुतळाबाई पोटुशी होती, सातवा लागलेला. ती दुसऱ्या दिवशी माहेरी जाणार होती, आगरदांड्याहून होडीने पलीकडे दिघीला. लांबची वाट. मी आईचं पाहिलेलं होतं. राशीतलं मूठभर मीठ माझ्या फडक्यात बांधून मी तिच्या हातात दिलं. ती हसली. "बाय माजे," म्हणाली, आणि ते कनवटीला खोचलं.

बांधावर बाबांनी ते पाहिलं.

"काय हाय ते?"

"मीठ हाय. तुमच्या ठमीनं दिलं."

बाबांनी मला हाक मारली. "ठमे, तू दिलंस?"

ते अगदी हळू बोलले. मी मान हलवली. न्हाय.

"चोरी करून पोरीवर घालतंय," बाबा म्हणाले. त्यांनी तिला पुरचुंडी वाफ्यात ओतायला लावली. मग त्याच वाफ्यात उभं केलं. पक्कं पाणी, म्हणजे मीठ धरायला आलेलं, घोट्याएवढं. आगरातल्या बायांच्या टाचा भेगाळलेल्या असतात, त्या पाण्यात पाय घातला तर काय होतं ते सांगायला नको. दुपार डोक्यावर येईपर्यंत ती तिथे उभी होती. बाकीच्या बाया तिच्या बाजूने पाट्या घेऊन जात-येत होत्या. तिचा नवरा सीताराम लांब बांधावर उभा होता, तो पुढे आला नाही. मी राशीपाशी बसून पाहत होते. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मग पाण्याकडे.

त्या खेपेला ती दिघीहून मूल न घेताच परत आली. अजित गुरुजी नंतरचे.

हे सगळं मला मिनिटभरात आठवलं. प्रांजली बोलत होती.

"आजी मला सांगायची. मी तुम्हाला लाजवायला सांगत नाहीये. तुम्हाला कुठे यायला नको, काही बोलायलाही नको. मला फक्त मूठभर मीठ द्या. ताईला दिलंत त्याच बरणीतलं. वाटीतला क्षार समितीकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवून तपासले आणि जुळले, की झालं. मग कुणाला कुणाचा शब्द लागणार नाही." ती किंचित हसली. "नाहीतरी मी लांबच निघालेय. मला बांधून दिलंत तर रीतच होईल."

चांगली विद्यार्थिनी होती. पुरावा कसा मागावा हे तिला मी शिकवलं होतं. माणसाचं ऐकू नका, वस्तूला विचारा, असं मी वर्गात म्हणत असे.

मी उठले. फळीवर दोन्ही बरण्या शेजारी होत्या. काचेच्या बरणीखालच्या बशीत चमचाभर पाणी साचलेलं होतं. मे महिन्यातही ती पाझरते. तिच्या डोळ्यांसमोर मी चिनीमातीची बरणी खाली काढली.

ती जवळ आली. "हीच ना, आजी?"

"हीच."

"ताईला ह्यातलंच दिलं होतं?"

"बाबांच्या आगरातलं मीठ आहे, पोरी. लांब जाणाऱ्याला दुसरं कुठलं देणार?"

मी मूठ भरून मीठ काढलं. कोरडं, हातातून वाळूसारखं सुटणारं. पस्तीस पावसाळ्यांनी त्यातलं सगळं कडू नेलेलं. पांढरं फडकं घेऊन मी त्यात ते बांधलं, आईची दुहेरी गाठ मारली, आणि तिच्या दोन्ही हातांत ठेवलं.

प्रांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं होतं, तुम्ही नाही देणार," ती म्हणाली. ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. आमच्या टेबलावर इतकी वर्षं शिकली, पण ती माझ्या पाया कधी पडली नव्हती. त्यांच्यात तसं पडत नाहीत आणि मीही कधी अपेक्षा केली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांभाळून जा," मी म्हटलं.

सोमवारी तिने ती पुरचुंडी समितीसमोर ठेवली. हे घरगुती मीठ, ह्यानेच घोळ झाला, असं ठामपणे सांगितलं. मीठ तपासलं. इतकं स्वच्छ निघालं की प्रयोगशाळेतल्या शुद्ध मिठात आणि त्यात फारसा फरक नव्हता. वाटीतल्या क्षाराशी त्याचं काही जुळेना. तेव्हा दोष फिरून बाटलीवरच आला, आणि बाटली तर कुणाला दाखवताच येत नव्हती. नेत्राने ती रिकामी करून फेकली असं सांगितलं होतं. वर प्रांजलीच्या नावावर आणखी एक गोष्ट चढली, की स्वतःची चूक झाकायला तिने वरच्या मुलीवर आणि तिच्या घरच्या म्हाताऱ्या माणसावर आळ घेतला. पत्र तिने सांगितलं होतं त्याहून कडक निघालं.

नेत्राने लेख मागे घेतला. मदतनिसाच्या चुकीमुळे नमुन्याची पेटी सदोष होती, असं एका वाक्यात लिहिलं. आपण होऊन लेख मागे घेणारी प्रामाणिक संशोधक म्हणून उलट तिचं नाव झालं. आता ती जर्मनीतच असते, त्याच यंत्रापाशी. दर रविवारी फोन करते. "आत्याआजी, मीठ संपलं गं तुझं," असं मधे एकदा म्हणाली आणि दोघीही हसलो. नाक्यावरचा बोर्ड उन्हाने फिका पडला, तर सुजितने नवा लावला.

प्रांजली अलिबागला एका खाजगी क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवते. मी तिला टाळत होते असं नाही. गाठ पडत नव्हती, एवढंच.

यंदा पाऊस सरल्यावर मी डोळ्यांच्या औषधासाठी अलिबागला गेले. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर बसले होते, तर शेजारच्या बाकावरून कुणी उठून आलं. प्रांजली. खांद्यावर पिशवी, बोटांना खडूची पांढरी पूड. आधी मला ओळखूच आली नाही, ती इतकी शांत दिसत होती.

"बऱ्या आहात ना, आजी?"

"बरी आहे. तू?"

"मी पण." ती माझ्याशेजारी बसली. मधे एका माणसाची जागा सोडून. "तुम्ही दिलेलं मीठ समितीने परत केलं. उरलेलं मी घरी ठेवलंय, उघड्या वाटीत. दोन पावसाळे झाले."

मी औषधाची पिशवी मांडीवर घेतली.

"पाणी सुटलं नाही त्याला. एक थेंब नाही. आमच्या घरातलं रोजचं मीठ श्रावणात वाहून जातं." ती समोरच्या गाड्यांकडे बघत होती. "नवं मीठ असं राहतं का हो, आजी? तुम्हाला विचारते. तुम्ही आगरातल्या."

हा प्रश्न तिने तेव्हा, फडकं हातात असताना विचारला असता तर सगळं वेगळं झालं असतं. तिला उत्तर ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं की आता ते कुणाच्याही कामाचं नाही.

"न्हाय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पुष्कळ दिवस अडलेलं गणित सुटल्यावर वहीत उत्तर लिहून घेताना ती अशीच मान हलवायची.

"आमची आजी मरेपर्यंत एक सांगायची," ती म्हणाली. "त्या घरातून काही घे, पण ठमीच्या हातचं मीठ घेऊ नकोस. मला वाटायचं, म्हातारीचा जुना राग आहे. शिकलेल्या माणसाने असलं काय धरून बसायचं."

तिची गाडी लागली. ती उठली, पिशवी सावरली.

"बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. भेटलात तर सांग म्हणाले होते. त्यांना मी हे सगळं सांगितलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी आपल्याला मीठ बांधून दिलंत, याचं त्यांना फार वाटतं."

गाडी निघून गेली. माझी पाऊण तासाने आली. घरी आल्यावर मी काचेच्या बरणीखालची बशी काढली, साचलेलं पाणी मोरीत ओतलं आणि बशी पुसून जागेवर ठेवली. कपाटात ती बाटली अजून आहे. सील तसंच, चिठ्ठीवरची सही तशीच. त्या सोमवारी ती समितीच्या टेबलावर ठेवली असती तर पुरे होतं. आता कधीकधी कपाट आवरताना मी ती पुढे घेते, तिच्यावरची धूळ पुसते आणि परत मागे ठेवते.